वृद्धापकाळातील श्वासावरोध

वाराणसीच्या घाटांच्या उंच पायऱ्या वृद्धांच्या फुप्फुसांची रोजच परीक्षा घेतात. स्नान आटोपून वर येताना पूर्वी एकदाच थांबणाऱ्यास दर चार पायऱ्यांवर थांबावे लागले, की घरची मंडळी ‘वय झाले’ असे म्हणतात. परंतु वयाच्या नावाखाली पुष्कळदा सीओपीडी हा श्वासमार्गाचा दीर्घकालीन विकार दडलेला असतो. त्यात श्वासनलिका अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही.

हा केवळ विडी ओढणाऱ्यांचा रोग नव्हे. फुप्फुसविकारातून उद्भवणाऱ्या हृदयरोगाचा डॉ. पद्मावती आणि डॉ. पाठक यांनी दिल्लीत केलेला अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांनाही हा रोग जडतो, हे त्यातून दिसले आणि चुलीच्या धुराकडे लक्ष वेधले गेले. गोवऱ्या-लाकडांवर चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या स्त्रीच्या घरी आज गॅस आला, तरी झालेली हानी भरून येत नाही. मात्र धूर टळल्यास पुढील ऱ्हास मंदावतो.

रोग तीव्र झाल्यावरही करण्याजोगे पुष्कळ उरते. श्वासावाटे घेण्याचे औषध घशातच अडकू नये म्हणून ते स्पेसरमधून सावकाश ओढावे आणि श्वास सुमारे दहा सेकंद रोखावा. ओठांचा चंबू करून उच्छ्वास लांबवल्यास धाप कमी होते. झेपेल तेवढे नियमित चालणे, पुरेसा आहार आणि दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस यांचीही आवश्यकता असते.

प्राणवायू हे औषधच होय. रक्तातील प्राणवायू फारच घटलेल्या रुग्णांना तो दररोज किमान १५ तास दिल्यास आयुष्य वाढते, असे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीने दाखविले. परंतु धाप लागली म्हणून नळी मनाने वाढवणे घातक ठरते. काही रुग्णांच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो. नळीजवळ निरांजन, उदबत्ती वा विडी कदापि पेटवू नये.

कफाचा रंग बदलून धाप वाढल्यास त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा. ओठ निळसर पडले, रुग्ण गुंगीत गेला वा असंबद्ध बोलू लागला, तर त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशा वेळी त्याला झोप लागली असे समजून सकाळची वाट पाहणे प्राणावर बेतू शकते.