गाडी काळा धूर सोडते? आधी हवेचा सेन्सर तपासा

ताईंनो, वरवट बकालहून गटाचा माल शेगाव-खामगावला नेणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज घटलं, पिकअप कमी झाला, काळा धूर आला, इंजिनचा दिवा लागला, तर लगेच मोठ्या खर्चाला होकार देऊ नका.

बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यातली बारीक गरम तार आत जाणाऱ्या हवेनं थंड होते. त्यावरून गाडीच्या कॉम्प्युटरला हवा किती ते कळतं. तारेवर धूळ बसली की हवा-इंधनाचा हिशोब चुकतो. चुलीत लाकडं जास्त अन् वारा कमी, तर धूर होणारच!

क्रमाने तपासा:

१. एअर फिल्टर कोंदलाय का?

२. पाइपाला चीर आहे का? सेन्सरची पिन ढिली आहे का?

३. गॅरेजात स्कॅनर लावा. पी०१०१ किंवा पी०१०२ कोड आला तर सेन्सर, पाइप, वायरिंग तिन्ही पाहायला सांगा.

४. चावी बंद, इंजिन थंड असताना सेन्सर काढून फक्त त्याच्याच स्प्रेने धुवायचा. फडकं, ब्रश, हवेचा प्रेशर नको. पूर्ण वाळल्यावरच बसवायचा.

एवढं करूनही दिवा परत लागला, तरच नवा सेन्सर घ्या. जुना भाग अन् पक्कं बिल मागून घ्या, गटाच्या वहीत नोंद करा. पैसा आपल्या बचतीचा आहे.