दृष्टांत, साक्षात्कार आणि प्रचीती

श्रींच्या दर्शनास येणारे अनेक भाविक 'देवाने कौल दिला', 'आम्हांस दृष्टांत झाला', 'साक्षात्कार घडला' असे श्रद्धेने सांगतात. देव आपले स्वरूप अथवा आपली इच्छा भक्तापुढे प्रकट करतो, ही भावना या सर्व शब्दांच्या मुळाशी आहे. तथापि प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा आणि अधिकारही निराळा आहे. तो जाणून घेतल्यास श्रद्धा अधिक डोळस होते, म्हणून हे अल्प विवेचन.

'कौल' हा आपल्या कोकणातील परिचित शब्द. मूर्तीस फुलांच्या पाकळ्या अथवा तांदूळ लावून देवास प्रश्न विचारावयाचा आणि कोणत्या बाजूची पाकळी पडली त्यावरून उत्तर जाणावयाचे, ही ती रीत होय. कौल हे मागितलेले उत्तर आहे, तर दृष्टांत न मागता होतो.

'दृष्टांत' या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ दाखला असा आहे. महानुभाव पंथाच्या 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात श्रीचक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत आहेत, ते याच अर्थाचे. मराठीत या शब्दास दुसराही अर्थ लाभला, तो म्हणजे स्वप्नात देवाने वा सत्पुरुषाने दिलेली सूचना. संत तुकाराम महाराजांस बाबाजी चैतन्यांचा आणि संत बहिणाबाईंस तुकाराम महाराजांचा गुरूपदेश स्वप्नातच झाला, असे त्या दोघांच्याच अभंगांतून कळते.

'साक्षात्' म्हणजे डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष. त्यामुळे 'साक्षात्कार' म्हणजे केवळ संदेश नव्हे, तर परमतत्त्वाचा प्रत्यक्ष अनुभव होय. तो दीर्घ साधनेचे फळ मानला जातो. एखाद्या स्वप्नास साक्षात्कार म्हणणे म्हणूनच उचित नव्हे.

वेदांस आपण 'श्रुती' म्हणतो आणि ऋषींस मंत्रांचे कर्ते न म्हणता द्रष्टे म्हणतो. वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले, असे मीमांसक मानतात. ते ईश्वराने रचले असे नैयायिक म्हणतात. एवढ्या थोर विषयावरही आपल्या पूर्वजांनी मोकळेपणाने वाद केला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ख्रिस्ती बांधवांच्या मराठी बायबलातील अखेरच्या पुस्तकाचे नाव 'प्रकटीकरण' असे आहे. तोही याच भावनेचा शब्द होय.

आपल्या परिसरात या विषयाची दोन बोलकी उदाहरणे आहेत. पोलादपूर येथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात, तसेच १६९७ साली लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत, अफझलखानाच्या प्रसंगी श्रीभवानीने शिवाजी महाराजांस दर्शन देऊन अभय दिल्याचे वर्णन आहे. परंतु अभय मिळाले म्हणून महाराज स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी खानास जावळीच्या दुर्गम मुलखात आणले, रानात फौजा पेरल्या, अंगात चिलखत घातले आणि मगच १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याची भेट घेतली. दृष्टांताने धीर दिला. सिद्धता मात्र स्वतःच करावी लागली.

दुसरे उदाहरण महाड तालुक्यातील शिवथरघळीचे. वरंध घाटाच्या कुशीतील या घळीत समर्थ रामदासस्वामींनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली या घळीचा शोध लावला. वीस दशक व दोनशे समासांच्या या ग्रंथाच्या पहिल्याच समासात समर्थांनी आपल्या म्हणण्याचे आधार सांगितले आहेत. नाना ग्रंथ, उपनिषदे, श्रुती हे आधार आहेतच. पण त्यांत मुख्य स्थान त्यांनी आत्मप्रचीतीस, म्हणजे स्वतः पडताळून घेतलेल्या अनुभवास दिले आहे.

यावरून भाविकांनी एक खूणगाठ बांधावी. दृष्टांत ज्यास होतो, त्याच्यापुरताच तो असतो. इतरांपर्यंत पोहोचतात ते केवळ त्याचे शब्द, आणि शब्द विवेकाच्या कसोटीवर घासून पाहण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. 'तुमच्यासाठी मला दृष्टांत झाला आहे, अमुक रक्कम द्या, औषध बंद करा, भावाशी संबंध तोडा' असे कोणी सांगू लागल्यास सावध व्हावे. ज्या दृष्टांताने सांगणाऱ्याचाच लाभ होतो, त्याची प्रचीती पाहिल्यावाचून पाऊल उचलू नये. तथाकथित चमत्काराच्या नावाने लोकांस फसवून पैसा मिळविणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

दान देणाऱ्या सज्जनांसही हेच नम्रपणे सुचवावेसे वाटते. स्वप्नातील आज्ञेने दान करावेसे वाटल्यास अवश्य करावे. मात्र चार दिवस विचार करावा, घरच्यांशी बोलावे, ऋण काढू नये आणि रीतसर पावती घ्यावी. खरी प्रेरणा चार दिवसांनी विरत नाही, उलट दृढ होते.

श्रद्धेस विवेकाची जोड लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.