स्वकर्माची पूजा आणि अर्थशुद्धी

गीतेच्या अठराव्या अध्यायातील ४६ व्या श्लोकात भगवंतांनी गृहस्थाश्रमी मनुष्याला फार मोठा आधार दिला आहे. ज्या परमात्म्यापासून सर्व भूतांची प्रवृत्ती होते व ज्याने हे सर्व जगत् व्यापिले आहे, त्याचे पूजन मनुष्याने आपल्या कर्माने करावे आणि त्यायोगे सिद्धी मिळवावी, असा त्या श्लोकाचा आशय आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी या स्थळी स्वकर्माला फुलांची उपमा दिली आहे. परंतु देवाला वाहावयाचे फूल किडलेले असून चालत नाही. कर्मरूपी फुलाला कीड लागते ती बहुधा मोबदल्याच्या हिशेबात. हे कसे घडते आणि कसे टळते, हे समजण्यास शिमल्यातील पुढील साधा प्रसंग उपयोगी पडेल.

शिमला सुमारे २२०० मीटर उंचीवर वसले आहे. पौष-माघातील पहाटे तेथे पारा कित्येकदा शून्याखाली उतरतो. अशा ठिकाणी मोटारीतील हीटर ही चैनीची वस्तू राहत नाही. त्याच्या उबेने पुढील काचेवरचे दव व हिम वितळते; काच स्वच्छ नसेल तर घाटातील वळण दिसत नाही.

तेथील एका सद्गृहस्थांच्या मोटारीचा हीटर ऐन जानेवारीत थंड हवा फेकू लागला. त्यांच्या वृद्ध मातोश्रींना दम्याचा विकार होता आणि दोन दिवसांनी त्यांना तपासणीसाठी चंडीगढला न्यावयाचे होते. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखविली, तेव्हा हीटरची कॉइल निकामी झाली आहे, डॅशबोर्ड पूर्ण उतरवून ती बदलावी लागेल आणि अठरा हजार रुपये खर्च येईल, असे सांगण्यात आले. ते गृहस्थ ज्या कंपनीत अधिकारी होते, ती मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च देत असे. त्यांनी हा अंदाज कंपनीला कळविला. पण काम होण्यास आठ दिवस लागणार होते. तेव्हा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते एका लहानशा गॅरेजच्या वयस्क मिस्त्रीकडे गेले. मातोश्री मागच्या आसनावर शाल पांघरून बसल्या होत्या.

मिस्त्रीने हत्यारांना हात लावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले. "बाबूजी, गाडी सुरू केल्यावर तापमानाचा काटा वर यायला किती वेळ लागतो? आणि उतार लागला की तो पुन्हा खाली जातो का?" काटा फार उशिरा चढतो व उतारावर खाली येतो, असे गृहस्थांनी सांगितले.

या प्रश्नांचे मर्म समजण्यास हीटरची रचना थोडी जाणून घेतली पाहिजे. इंजिनाला थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती कूलंट नावाचे द्रव्य मिसळलेले पाणी खेळते. ते तापले की त्यातील काही भाग हीटरच्या कॉइलमधून फिरतो आणि पंखा त्या कॉइलवरून हवा आत ढकलतो. इंजिन व रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची एक लहान झडप असते. पाणी साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअस तापेपर्यंत ती मिटलेली राहते, म्हणून इंजिन लवकर गरम होते. ती उघडीच अडकून बसली, तर पाणी सतत रेडिएटरकडे जाऊन निवते आणि थंडीच्या दिवसांत इंजिन व हीटर दोन्ही कोमटच राहतात.

मिस्त्रीने इंजिन सुरू करून काही वेळाने हीटरच्या दोन्ही नळ्या हाताने चाचपल्या. दोन्ही सारख्याच कोमट होत्या. कॉइल तुंबलेली असती तर एक गरम व दुसरी थंड लागली असती. रेडिएटरची जी नळी प्रारंभी थंड राहावयास हवी, ती मात्र थोड्याच वेळात कोमट होऊ लागली होती. दोष उघड झाला. इंजिन निवल्यावर त्याने जुनी झडप काढून गृहस्थांच्या हातावर ठेवली. ती थंड असूनही तिच्या कडेची फट स्पष्ट दिसत होती. नवी झडप घट्ट मिटलेली होती. नवी बसवून, कूलंट भरून व नळ्यांत अडकलेली हवा काढून त्याने गाडी सुरू केली. काही मिनिटांत आत ऊब आली. हिशेब असा झाला : झडप ६५० रुपये, कूलंट ४०० रुपये, मजुरी ३५० रुपये, एकूण १४०० रुपये.

गृहस्थांना अत्यंत आनंद झाला. मिस्त्रीच्या प्रामाणिकपणाची त्यांनी तोंड भरून स्तुती केली आणि आवाज किंचित खाली आणून म्हणाले, "मिस्त्रीजी, बिल मात्र अठरा हजारांचे लिहा. कंपनीला तसेच कळविले आहे. त्यातले पाच हजार तुम्ही ठेवा."

हिवाळ्यात काम कमी असते. गॅरेजचे भाडे त्या महिन्यात थकले होते आणि पाच हजारांत ते फिटले असते. मिस्त्री क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबूजी, गाडीतले तुम्हाला कळत नव्हते, म्हणून मी तुम्हाला फसवू शकलो असतो. तुमच्या कंपनीलाही गाडीतले कळत नाही. मग दोघांत फरक काय?"

गृहस्थ निरुत्तर झाले. मागच्या आसनावरून मातोश्री म्हणाल्या, "बेटा, त्यांनी मागितले तेवढेच दे आणि दिलेस तेवढेच कळव." त्यांनी तसेच केले. पूर्वीचा अंदाज चुकीचा होता, असे पत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी कंपनीस लिहिले. मिस्त्रीचे भाडे मात्र त्या महिन्यात उशिराच भरले गेले.

या प्रसंगात सचोटीची कसोटी दोनदा लागली आहे. पहिल्या वेळी ज्याचे नुकसान होणार होते, तो समोर उभा होता. दुसऱ्या वेळी ते कोणाचे होणार, हे डोळ्यांना दिसत नव्हते. आणि अधर्म मैत्रीचा वेष घेऊन आला होता. म्हणून दुसरी कसोटी अधिक कठीण होय. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील १२ व्या श्लोकात भोगासाठी अन्यायाने धनसंचय करणे हे आसुरी संपत्तीचे लक्षण सांगितले आहे. ते धन श्रीमंताचे की गरिबाचे, असा भेद तेथे केलेला नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली व तुलाधार यांचे आख्यान आहे. जाजली महान तपस्वी. त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले तरी तो हलला नाही. परंतु धर्माचे तत्त्व जाणून घेण्यास त्याला वाराणसीतील तुलाधार नावाच्या वाण्याकडे जावे लागले. तुलाधाराचे तप कोणते? सर्व प्राण्यांविषयी त्याचा तराजू सम होता. गिऱ्हाईक आणि त्याची कंपनी यांना एकाच तराजूने तोलणाऱ्या मिस्त्रीचे आचरण त्याच जातीचे आहे.

येथे गृहस्थाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्याला कोणी फसवू नये, असे प्रत्येकाला वाटते. परंतु आपल्यासाठी दुसऱ्याला फसविणारा मनुष्य पुष्कळांना सोयीचा वाटतो. कारागिरांत सचोटी उरली नाही, अशी तक्रार करणाऱ्याने आपण किती कारागिरांना खोटे बिल लिहावयास लाविले, हे आठवावे. तिसऱ्या अध्यायातील २१ व्या श्लोकाप्रमाणे श्रेष्ठ पुरुष जसे वागतो तसे इतर लोक वागतात. शिकलेला व प्रतिष्ठित गृहस्थच असत्याची मागणी करू लागला, तर हातावर पोट असणाऱ्याने सत्य किती दिवस सांभाळावे?

यास्तव गृहस्थाने पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात :

(१) ज्या विषयात दुसरा अज्ञ आहे, त्या विषयात त्याच्याशी अधिक जपून वागावे. त्याचे अज्ञान ही आपल्याकडे ठेवलेली ठेव समजावी.

(२) दोष काय होता व तो कसा दूर केला, हे गिऱ्हाइकाला दाखवावे. काढलेली जुनी वस्तू त्याच्या स्वाधीन करावी.

(३) कारागिराची योग्य मजुरी घासाघीस न करता तत्काळ द्यावी. स्वस्त काम म्हणजे फुकट काम नव्हे. त्या मजुरीत त्याच्या अनेक वर्षांच्या अनुभवाचे मूल्य असते.

(४) दिले तितकेच लिहवून घ्यावे आणि लिहिले तितकेच मागावे.

(५) सचोटीचे फळ लगेच मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. भाडे उशिरा भरावे लागले तरी मिस्त्रीचा हिशेब शुद्ध राहिला.

देवघरातील पूजा प्रातःकाळी पूर्ण होते; स्वकर्माची पूजा दिवसभर चालते. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना गृहस्थाने त्या दिवसाचा हिशेब मनात एकदा वाचावा. जी रक्कम भगवंतासमोर वाचताना जीभ अडखळेल, ती दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला परत करावी.