वार्धक्यातील व्यायाम : आरोग्याची आणि घरखर्चाची राखण

जुन्नर तालुक्यातील डिंगोरे हे कल्याण–अहिल्यानगर महामार्गावरील शेतीप्रधान गाव. अशा गावात व्यायामाचा विषय निघाला की, "जन्मभर शेतात राबलो, आता आणखी व्यायाम कसला ?" असे वडीलधाऱ्यांनी विचारणे स्वाभाविक होय. परंतु कष्टाने कमावलेली शक्ती साठवून ठेवता येत नाही. शेती मुलांवर सोपवून माणूस ओट्यावर बसू लागला की स्नायू झिजतात, सांधे आखडतात आणि तोल सावरणे कठीण होते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. त्यामुळे हा प्रश्न केवळ एका घराचा नाही. वृद्ध व्यक्ती पडून खुब्याचे हाड मोडल्यास शस्त्रक्रियेचा खर्च येतो. शिवाय शुश्रूषेसाठी घरातील एकाची मजुरी बुडते. नियमित हालचालीने पडण्याचा धोका घटतो. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात राहण्यास साहाय्य होते. अमेरिकेत ७० ते ८९ वर्षे वयाच्या १,६३५ व्यक्तींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांमध्ये चालण्याची क्षमता गमावण्याचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी कमी आढळला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. यासाठी खर्च नाही. झपझप चालावे, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे, भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहावे, पाण्याने भरलेला तांब्या उचलावा. प्रारंभ थोडक्याने करावा. आधी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. छातीत दुखल्यास किंवा दम लागल्यास त्वरित थांबून डॉक्टरांना दाखवावे.

जुन्नर परिसरात उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर असतो आणि महामार्गावर वाहनांची वर्दळ. म्हणून पहाटेच्या अंधारात एकट्याने फिरावयास जाणे इष्ट नव्हे. उजाडल्यावर, चौघांनी मिळून, शाळेच्या किंवा मंदिराच्या प्रांगणात फिरावे. ग्रामपंचायतीने तेथे सपाट वाट, बाक आणि पाण्याची सोय करावी. शिक्षकांनी शाळा भरण्यापूर्वी मैदान खुले ठेवावे. आशा कार्यकर्तीने तपासणीची आठवण द्यावी. एवढे झाले तर गावातील वडीलधारी मंडळी परावलंबी न होता आपल्या पायांवर उभी राहतील.