बॅग मुलानंच भरायची

खटाव-माण, खानापूर-आटपाडी या पट्ट्याला घर सोडणं नवं नाही. पावसाचा भरवसा नाही म्हणून इथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली आणि सोनं-चांदी गाळायला देशभरातल्या सराफ बाजारांत पसरली. पण नव्यानं निघालेल्या पोराला फारसं सामान लागत नसे. पुढं गावचाच कुणीतरी भट्टी लावून बसलेला असायचा, जेवणाची आणि अंथरुणाची सोय त्याच्याकडं. याच पट्ट्यातल्या वडूजमधून परदेशी विद्यापीठात निघालेल्या मुला-मुलीला असं कुणी नसतं. मग सगळी भावकी कामाला लागते. आत्याचे लाडू येतात, मावशीची शेंगदाण्याची चटणी येते, आजी वाकळ काढून उन्हात टाकते. बॅग भरते आई, आणि ज्याला जायचंय तो कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेला.

इथंच पहिली गडबड होते. बॅग तुम्हीच भरलीत का, असं विमानतळावर विचारतात. नाही म्हणालात तर चौकशी वाढते, आणि हो म्हणालात तर आत काय आहे ते सांगता यायला हवं. म्हणून पालकांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: वस्तू आणून द्या, पण भरायचं काम त्याचं त्याला करू द्या. आपला टॉवेल कुठं ठेवलाय हे माहीत नसलेलं पोर तिकडं गेल्यावर घरमालकाशी करारनामा कसा करणार?

खाण्याच्या पदार्थांबाबत मात्र आईलाच नीट सांगावं लागतं, कारण सगळ्यात जास्त वजन त्यांचंच असतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात चालत नाहीत. त्यात तेल भरपूर, उष्णतेनं पेट घेण्याचा धोका असतो. खसखस तर मुळीच देऊ नका. दुबईमार्गे जाणारी विमानं आपल्याकडची मुलं सर्रास घेतात आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. साताऱ्याचे कंदी पेढे ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या देशांत नेता येत नाहीत, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथं बंदी आहे. अमेरिकेत कढीपत्ता अडवतात. त्याच्यावरून संत्र्या-लिंबाच्या बागांना रोग जाईल अशी त्यांना भीती. ऑस्ट्रेलियाचं सगळ्यात कडक: उतरताना भरायच्या कार्डावर प्रत्येक खाद्यपदार्थ नोंदवावा लागतो. लपवलं आणि सापडलं तर दंड होतोच, विद्यार्थ्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. हळद, तिखट, मसाल्याची पूड बंद पाकिटात आणि नाव लिहून न्यावी. पण घरच्या काळ्या मसाल्यात खसखस घातली असेल तर तो दुबईमार्गे नको. नेलेला मसाला पुरवून वापरला तरी संपणारच आहे. त्यापेक्षा निघण्याआधी महिनाभर पोराला चुलीपुढं उभं करा. पिठलं, खिचडी, आमटी एवढं जमलं तरी पुष्कळ.

कपड्यांवर फार लिहिण्यासारखं नाही. आतून घालायचे दोन उबदार जोड घ्या, जाड कोट तिथं जाऊन घ्या. तिथल्या थंडीला काय लागतं हे तिथल्या दुकानदाराला जास्त कळतं. वाकळ घरीच राहू दे, बॅगेतली निम्मी जागा तीच खाते. कुकर छोटा आणि इंडक्शनवर चालणारा घ्या. मिक्सर अमेरिकेला नेऊ नका, तिथली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडं २३०. ब्रिटनच्या प्लगला तीन चौकोनी पिना असतात, तेव्हा अडॅप्टर इथूनच घ्या. चष्म्याची जादा जोडी करून घ्या आणि दाताचं काम उरकूनच निघा, तिकडं ते फार महाग पडतं.

आता खऱ्या सामानाकडं येतो. साताऱ्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचं नाव दाखल झालं, ते भीमराव आंबेडकर १९१७ साली लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तकं आणि सामान दुसऱ्या बोटीनं येत होतं. महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुडीनं ती बोट बुडवली आणि सगळा संग्रह गेला. आज पाणबुडी नाही, पण बॅग दुसऱ्याच शहरात उतरणं नेहमीचं आहे. म्हणून जे पुन्हा मिळणार नाही ते पाठीवरच्या सॅकमध्येच हवं: पासपोर्ट, विद्यापीठाचं पत्र, अमेरिकेला जाणाऱ्यांचा आय-२० फॉर्म, मूळ गुणपत्रिका, कर्जमंजुरीचं पत्र, लसीकरणाची नोंद, औषधं आणि त्यांची चिठ्ठी, एक जोड कपडे. पॉवर बँकही याच बॅगेत, खालच्या सामानात ती चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा आता ऑनलाइन नोंदीत असतो, तेव्हा त्या खात्यात स्वतःला लॉगिन करता यायला हवं. शिवाजी विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट निघण्याआधीच चार-पाच प्रती जास्त घेऊन ठेवा. नंतर तुमच्यासाठी कोल्हापूरला हेलपाटे वडिलांनाच मारावे लागतात.

याहून किचकट भानगड नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. त्यात आधार कार्डावर 'घाडगे'चं इंग्रजी स्पेलिंग एक आणि पदवीवर दुसरं. तिकीट, व्हिसा आणि प्रवेशपत्र यांवरचं नाव अक्षरन्‌अक्षर पासपोर्टप्रमाणेच असलं पाहिजे. नावाची दुरुस्ती व्हिसाच्या आधी करायची असते, त्यामुळं बारावीनंतर लगेच सगळे कागद शेजारी शेजारी मांडून बघा. मी तर दहावीलाच सांगतो.

वजनाचं म्हणाल तर बऱ्याच विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलो धरतात. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा अशा दोन बॅगा मिळतात, युरोपच्या स्वस्त तिकिटावर एकच. नियम तिकिटावर वाचा आणि बॅग घरी तोला. वडूजच्या आडत दुकानातला काटाही चालतो, दोन किलो जागा मोकळी ठेवा. विमानतळावर जमिनीवर बॅग उघडून लाडवाचे डबे मामाच्या हाती परत देणारी कुटुंबं नेहमी दिसतात.

आणि निरोपाला पुसेगाव, सातारा करत मुंबईपर्यंत गाडी भरून जाल तेव्हा एक बघा. कागदांची फाइल बहुतेक वेळा वडिलांच्या काखेत असते. टर्मिनलच्या दारातून आत फक्त प्रवाशाला सोडतात, आणि त्या घाईगर्दीत फाइल बाहेरच राहते. ती वडूजमध्ये घरीच, गाडीत बसण्यापूर्वी, मुलाच्या सॅकमध्ये गेलेली बरी.