एफडीचा दर 7 टक्के, पण तुमच्या हातात किती?

या आठवड्याचा व्हिडिओ एफडीवर होता. व्हिडिओत आकडे भरभर जातात म्हणून इथे ते सावकाश मांडतो. वही-पेन आणि कॅल्क्युलेटर जवळ घेऊन बसा. (आकडे आर्थिक वर्ष 2025-26 च्या नियमांप्रमाणे आहेत.)

आपल्या बॅचमध्ये हार्डवेअरचं दुकान चालवणारे दोन भाऊ आहेत. भागीदारी फर्म आहे, धंदा चांगला आहे. फर्मच्या नावाने 10 लाखांची एफडी होती, पाच वर्षांची, 7 टक्क्यांची, व्याज शेवटी एकदम. मुदत संपली आणि मोठा भाऊ पावती घेऊनच आला. "सर, पावतीवर 14,14,778 छापलंय. खात्यात 13 लाख 67 हजारच आले. जवळजवळ 48 हजार बँकेने खाल्ले की!"

बँकेने काही खाल्लेलं नव्हतं. पण त्याचा राग मला समजतो, कारण पावतीवर जो आकडा छापतात तो कर कापण्याआधीचा असतो आणि तो मुद्दा काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही.

आधी पावती वाचायला शिकू. बँका व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळवतात. 7 टक्क्यांचे चार भाग, म्हणजे दर तिमाहीला पावणेदोन टक्के. वर्षाअखेर 10 लाखांवर 70,000 नाही, तर 71,859 रुपये होतात. म्हणजे खरा वार्षिक परतावा 7.19 टक्के. असं पाच वर्षं चाललं की 14,14,778. आता काही ठिकाणी बोर्डावर "परतावा 8.30 टक्के" असं लिहितात. तो कसा काढतात? एकूण व्याज 4,14,778 ला सरळ पाचने भागतात! चक्रवाढ व्याजाला सरळव्याजाचा सदरा घातला. हिशोब खोटा नाही, पण त्या 8.30 ची तुलना दुसऱ्या बँकेच्या 7.25 शी करू नका. 7.19 शी करा.

मग ते 48 हजार कुठे गेले? टीडीएस. एका बँकेतलं वर्षाचं व्याज 50,000 च्या वर गेलं की बँक 10 टक्के कापते (60 वर्षांवरच्यांसाठी ही मर्यादा 1 लाख; पॅन दिला नसेल तर कपात 20 टक्के). चार शाखांत चार पावत्या केल्या तरी कोअर बँकिंगमुळे बेरीज एकच होते, ती युक्ती जुनी झाली. आणि कपात मुदत संपल्यावर नाही, व्याज जमेल तशी दर वर्षी होते. कापलेली रक्कम एफडीतूनच जाते, म्हणून तिच्यावर पुढे मिळणारं व्याजही जातं. शेवटी आकडा कमी दिसतो तो त्यामुळे.

इथपर्यंत धाकटा भाऊ खूश. "म्हणजे कर भरून झाला!"

नाही ना! सगळी गडबड इथेच होते. टीडीएस म्हणजे कर नव्हे, तो कराचा ॲडव्हान्स आहे. गिऱ्हाईकाने बयाणा दिला म्हणून बिल फिटतं का? भागीदारी फर्मला पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के सेस, मिळून 31.2 टक्के कर आहे. एका वर्षाच्या 71,859 व्याजावर कर होतो 22,420. बँकेने कापले 7,186. उरलेले 15,234 फर्मने स्वतः भरायचे. ही बाकी 10,000 च्या वर गेली की ॲडव्हान्स टॅक्सही लागतो. 44एडीवाल्यांनी तो 15 मार्चपर्यंत एका हप्त्यात भरायचा. सगळं वजा जाता हातात राहतात 49,439 रुपये. 7.19 चे झाले 4.94 टक्के.

दोघा भावांनी पाच वर्षांत एकदाही हे व्याज रिटर्नमध्ये दाखवलं नव्हतं. कारण काय, तर "पैसे अजून हातात आलेच नव्हते." बँक मात्र दर वर्षी ते तुमच्या पॅनवर कळवत होती. 26एएस आणि एआयएस उघडा, सगळं तिथे दिसतं. अशी जुनी चूक असेल तर अपडेटेड रिटर्नची सोय आता चार वर्षांपर्यंत आहे, पण उशीर होईल तसा जादा कर 25 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत चढतो. आपल्या सीएकडे याच आठवड्यात जा, मार्चची वाट बघू नका.

44एडीवाल्यांनी इथे थांबा

बरेच जण म्हणतात, "आम्ही 44एडीत आहोत सर, 6-8 टक्के नफा दाखवला की संपलं." तो नफा दुकानाच्या उलाढालीवरचा. एफडीचं व्याज उलाढालीत बसत नाही, ते 'इतर स्रोतांचं उत्पन्न' म्हणून वेगळं दाखवायचं आणि पूर्ण रकमेवर कर लागतो.

याची दुसरी बाजू जास्त महाग आहे. या भावांची कॅश क्रेडिटही चालू आहे, 10.5 टक्के व्याजाने, आणि 12 लाख कायम उचललेले. बँकेचा माणूस म्हणतो एफडी रिन्यू करा. समजा त्यांनी 10 लाख पुन्हा 7 टक्क्यांनी ठेवले. एफडीतून कर जाऊन वर्षाला 49,439 येणार. तेच 10 लाख सीसीत भरले तर वर्षाचं 1,05,000 व्याज वाचतं. "पण सीसीचं व्याज खर्चात धरता येतं ना?" नेहमीच्या पद्धतीने वह्या ठेवत असाल तर हो, मग कर धरून फरक सुमारे 22,800 चा राहतो. 44एडीत तसं वेगळं खर्चात धरता येत नाही, ते 6-8 टक्क्यांत आधीच गृहीत आहे. मग फरक 55,561 रुपये. दर वर्षी! दुकानातल्या पोऱ्याचे काही महिन्यांचे पगार यातून निघतील.

मोठ्याचा प्रश्न होता, "अडीनडीला पैसा नको का?" अगदी हवा. पण सीसीत भरलेला पैसा लिमिटच्या आत कधीही परत उचलता येतो. उलट एफडी मोडायला गेलात तर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दर कमी करतात. फक्त सीसी दर वर्षी रिन्यू होते, बँक लिमिट कमीही करू शकते. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी एफडी वेगळी ठेवा, असं माझं मत. आणि पावती आधीच सीसीला तारण असेल तर बँकेला विचारल्याशिवाय काही हलवू नका.

एफडी कोणाच्या नावाने?

तीच 71,859 ची रक्कम भागीदाराच्या स्वतःच्या नावावर असती, आणि नव्या करपद्धतीत त्याचं व्याजासकट एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असतं, तर कर शून्य. कापलेला टीडीएस रिटर्न भरल्यावर परत. पैसा फर्ममधून काढताना भांडवल खात्यात नीट नोंद करा. बायकोच्या नावावर भेट म्हणून टाकली तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, तिथे फायदा नाही. आईवडिलांना दिली तर त्यांच्या उत्पन्नात जाते, पण मग पैसाही कायद्याने त्यांचाच. 15जी फर्मला भरता येत नाही, आणि ज्याला कर लागतो त्याने तो भरणं म्हणजे खोटं लिहून देणं.

शेवटचं, धाकट्याने जाता जाता विचारलं, "पतसंस्था अर्धा टक्का जास्त देते, तिकडे टाकू?" बँकेतली ठेव, सहकारी बँक धरून, एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. पतसंस्थेला हा विमा नाही. 10 लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला 5,000, आणि फर्मचा कर गेल्यावर 3,440.

त्यांनी 3 लाखांची एक वर्षाची एफडी केली आणि बाकी सीसीत भरले. मागच्या वर्षांचं व्याज दाखवायला सीएची वेळही घेतली आहे. पुढच्या व्हिडिओत एआयएस कसं उघडायचं ते स्क्रीनवर दाखवतो. तोपर्यंत तुमच्या सगळ्या पावत्या एका फाइलला लावून ठेवा.