रातपाळीची कामे व त्यांत प्रवेश

गेल्या सहामाहीत दहावीच्या वर्गास ‘मी कोणता व्यवसाय पत्करीन’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. बहुतेकांनी डॉक्टर, कलेक्टर व शिक्षक ही तीन पदे आपसांत वाटून घेतली होती. एका विद्यार्थ्याने मात्र निबंध साडेचार ओळींत आटोपला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, मला कोणतेही काम चालेल, फक्त ते रात्री झोपू देणारे असावे. या मुलाचे आईबाप दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, आणि सातवीपर्यंत तोही त्यांच्याबरोबर जात असे. गुण देताना मी अडखळलो. उत्तर तोकडे होते खरे, परंतु त्यात एकही शब्द उसना नव्हता.

आपल्या बीड जिल्ह्यातील वाचकांस ऊसतोड म्हणजे काय हे सांगावयास नको. नवराबायकोचे मिळून एक ‘कोयता’ धरितात, मुकादमाची उचल अगोदरच खर्ची पडलेली असते, आणि मजुरी टनावर मिळते. दिवसभर तोड झाली म्हणजे काम संपले असे होत नाही. कारखान्याचे वाहन मध्यरात्री आले तर मध्यरात्री, पहाटे तीनला आले तर पहाटे तीनला, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढावे लागते. त्या मुलाने जी रात्र पाहिली ती ही. तेव्हा रात्रीच्या कामाचा त्यास वीट आला असल्यास नवल नाही. तथापि रात्रीचे काम आणि रातपाळी या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि हा भेद न कळल्यामुळे आपल्याकडील पुष्कळ हुशार मुले व त्याहून अधिक मुली चांगल्या चाकरीकडे पाठ फिरवितात, म्हणून हा लेख लिहीत आहे.

पाळीस आरंभ असतो व शेवट असतो. घंटा झाली की दुसरा मनुष्य येऊन आपल्या जागी उभा राहतो. ही साधी गोष्ट मिळविण्यास मुंबईच्या गिरणी कामगारांस फार झगडावे लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि आठवड्यास एक रविवारची सुट्टी पदरात पडावयास १८९० साल उजाडले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा मालकांस रात्रही दिवसासारखी वापरता येऊ लागली व कामाचे तास अधिकच लांबले. त्या लांबलेल्या तासांवर कायद्याने हळूहळू बांध घातला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आठवड्याचे तास ४८ ठरविले आणि जादा कामास दुप्पट वेतन बांधून दिले. कोयत्यास यातले काहीच लागू पडत नाही, आणि फरक आहे तो येथे.

आता आपल्या जिल्ह्यातच पाहू. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र १९७१ साली सुरू झाले. त्याचे जुने संच आता निवृत्त झाले असून पुढे २५० मेगावॉटचे तीन नवे संच उभे राहिले. २०१५ साली अवर्षणामुळे पाणी आटले तेव्हा हे केंद्र थांबवावे लागले होते; परंतु पाणी व कोळसा आहे तोवर बॉयलर रात्री विझवून सकाळी पुन्हा पेटविता येत नाही. तो तापावयास कित्येक तास जातात व इंधन वाया जाते. म्हणून तेथे अहोरात्र तीन पाळ्यांत माणसे लागतात. साखर कारखान्याचेही तसेच आहे. तोडलेला ऊस पडून राहिला तर त्यातील साखर उतरते, म्हणून हंगामात गाळप रात्रंदिवस चालते. आणि येथे त्या विद्यार्थ्यास मला एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे: ज्या कारखान्याच्या फाटकापाशी त्याच्या वडिलांची मोळी पोचते, त्याच फाटकाच्या आत बॉयलरपाशी उभा राहणारा मनुष्यही रात्री जागतो; पण तो आठ तासांनी घरी जातो.

या कामांत शिरण्याचा मार्ग दहावीनंतरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून जातो. वीजतंत्री व जोडारी हे दोन व्यवसाय यास विशेष उपयोगी. प्रमाणपत्रानंतर शिकाऊ उमेदवारी करावी. महानिर्मिती कंपनी तंत्रज्ञांची भरती जाहिरात देऊन परीक्षेने करते. शिकाऊ उमेदवारी केलेल्याचा हात अशा वेळी बसलेला असतो. बॉयलर चालविण्यास निराळे प्रमाणपत्र लागते व त्याची परीक्षा राज्याचे बाष्पके संचालनालय घेते. साखरेच्या रसायनाकडे ज्याचा कल असेल त्याने विज्ञानाची पदवी घेऊन पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या अभ्यासक्रमांची चौकशी करावी.

दुसरे मोठे क्षेत्र रुग्णसेवेचे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मध्यरात्री जाऊन पाहावे. बाळंतीण, सर्पदंशाचा शेतकरी, अपघातातील दुचाकीस्वार, हे कोणी घड्याळ पाहून येत नाहीत. परिचारिकेचे शिक्षण तीन प्रकारचे आहे: साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, ‘जीएनएम’ हा तीन वर्षांचा, आणि बी. एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा. तिन्हींस बारावी लागते. शेवटच्यास भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय हवेत आणि राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुढे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्याखेरीज कोणासही हे काम करिता येत नाही. मुलांनाही हा मार्ग मोकळा आहे. लाजेचे कारण नाही.

मुलींच्या बाबतीत पालकांची एकच तक्रार ठरलेली: पोर रात्री बाहेर कशी ठेवावी? ही काळजी पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु हीच मुलगी चौदाव्या वर्षी फडावर आईबरोबर पहाटे वाहन भरावयास गेली तर ते कोणास खटकत नाही, हे मला अद्याप उमगलेले नाही. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढले त्या काळात परिचारिकेच्या कामास भल्या घरची मुलगी मिळणे दुरापास्त होते. मिशनांतील ख्रिस्ती मुलींनी लोकापवाद सोसून ते पत्करिले. आज त्याच जागांसाठी सर्व जातिधर्मांच्या मुली स्पर्धा करितात. कारखान्यांत मात्र स्त्रियांस सायंकाळी सातनंतर व सकाळी सहापूर्वी काम करण्यास १९४८ च्या अधिनियमाने मनाई होती. २०२० साली संमत होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेने ती उठविली असून, स्त्रीची संमती व तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था या अटी घातल्या आहेत. संमती म्हणजे तिची स्वतःची संमती, हे पालकांनी व मालकांनी, दोघांनीही ध्यानात ठेवावे.

रेल्वेविषयी आपल्याकडे आता नवे कुतूहल उत्पन्न झाले आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली आणि कित्येक म्हाताऱ्यांनी आयुष्यात प्रथमच आपल्या गावची गाडी पाहिली. गाडी आली की तिजबरोबर रात्रीची माणसेही येतात. स्टेशन मास्तरास कोणतीही पदवी चालते. साहाय्यक लोकोपायलटास दहावी व आयटीआय अथवा तंत्रनिकेतनाची पदविका लागते. निवड रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेने होते, आणि ती मराठीतूनही देता येते. लोकोपायलटाच्या दृष्टीची तपासणी फार कडक असते व ती चष्म्याविना होते. म्हणून दोन वर्षे अभ्यासात घालविण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत. आमचा एक माजी विद्यार्थी लेखी परीक्षेत उत्तीर्ण होऊन रंग ओळखण्यात अडला, आणि ही गोष्ट त्यास आठवीतच कळू शकली असती.

पोलीस शिपायाची भरती बारावीवर होते. मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे, गोळाफेक, आणि मग १०० गुणांची लेखी परीक्षा. मैदानावर पहाटे धावणारे पुष्कळ दिसतात. अंकगणितात पडणारेही तितकेच. पहारेकऱ्याचे काम सर्वांत सहज मिळते व सर्वांत स्वस्त असते. निदान १९८१ च्या कायद्याखाली स्थापिलेल्या सुरक्षा रक्षक मंडळाकडे नोंद करून ते करावे. पुण्यास परदेशी कंपन्यांची कामे रात्री चालतात, कारण न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. तेथे पदवी हवी व इंग्रजी बोलता आले पाहिजे. व्याकरण पाठ असून भागत नाही.

आता रातपाळीची किंमत. मी स्वतः पदवीचा अभ्यास करीत असताना दीड वर्ष एका छापखान्यात रात्री मुद्रिते तपाशीत असे. एकदा पहाटे चारच्या सुमारास डोळा लागला, आणि निधनवार्तेत मृताच्या जागी शोकाकुल पुत्राचे नाव छापून गेले. तो गृहस्थ सकाळी स्वतः कचेरीत हजर झाला! आज हसू येते. त्या दिवशी आले नव्हते. पहाटेच्या त्या प्रहरी शरीराची सावधता अगदी उतरते. शरीरात घड्याळ असते व ते उजेडावर चालते. पेशींतील या घड्याळाची रचना उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चेर्नोबिलचा स्फोट १९८६ साली रात्री १ वाजून २३ मिनिटांनी झाला. भोपाळची वायुगळतीही १९८४ साली रात्रीचीच. चुका दिवसाही होतात, परंतु रात्री त्या सावरावयास जागी माणसे थोडी असतात. दीर्घकाळ रात्रपाळी केल्याने कर्करोगाचा संभव वाढत असावा असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ साली नमूद केले व २०१९ साली तेच मत कायम ठेविले. म्हणून चाकरी स्वीकारतेवेळी पाळी किती दिवसांनी बदलते हे निःसंकोच विचारावे. दिवसा निजण्यास काळोखी खोली लागते. एका खोलीच्या घरात ती कोठून आणावी, याचे उत्तर घरच्यांनी मिळून शोधावे लागते. आमच्या बहिणीने माझ्यासाठी खिडकीवर घोंगडी टांगली होती व दुपारी जात्यावर बसणे सोडले होते.

शेवटी कागदपत्रांविषयी. जाहिरात निघते तेव्हा पुष्कळांचे पालक कारखान्यावर असतात, आणि दाखल्यावाचून अर्ज राहून जातो. जातीचा, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला पालक गावात असतानाच काढून ठेवावा. पालक परगावी जाताना मागे राहणाऱ्यांसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास ते देऊ नयेत. उचल घेण्याची सवय झालेल्या घरांत उचल देण्याचीही सवय लवकर लागते. साडेचार ओळींचा निबंध लिहिणाऱ्याने वीजतंत्रीच्या अर्जाची चौकशी केली आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी वाचनालयात असतो; इतरांनीही यावे, व येताना दाखल्यांच्या दोन प्रती आणाव्यात.